शटरआडचा ताजा मजकूर

३ फेब्रुवारी, सकाळ
दुकानाची वेबसाइट झाली. कन्येने केली. ती परगावी नोकरी करते आणि फोनवरून मला शहाणं करते. इंटरनेटवर कुणी ‘कुलूप-किल्ली’ शोधलं की आपलं दुकान चौथ्या पानावर येतं म्हणे. चौथ्या पानापर्यंत कोण जातं, विचारलं. कोणीच नाही, म्हणाली. मग अभिनंदन कशाबद्दल केलं, ते कळलं नाही.
समोरचा पहिल्या पानावर आहे. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा कुलूपवाला. त्याच्या साइटवर तीन वर्षं एकच ओळ: कुलूप, किल्ली, दुरुस्ती, नऊ ते आठ. एवढ्यावर पहिलं पान? कुठेतरी पाणी मुरतंय.

३ फेब्रुवारी, दुपार
कन्येचा सल्ला: मजकूर ताजा ठेवा. आठवड्यातून एकदा गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काहीतरी लिहा, म्हणजे शोधणाऱ्या यंत्राला कळतं की इथे कोणीतरी जिवंत आहे.
आठवड्यातून एकदा? मी रोज लिहीन. यंत्राची दमछाक होईल.

५ फेब्रुवारी
घरात बैठक. मेहुण्याला दुकानाचा डावा अर्धा भाग हवाय, मोबाइलची कव्हरं विकायला. डावा भाग म्हणजे किल्ल्यांची भिंत. सहाशेचाळीस कोऱ्या किल्ल्या, प्रत्येकीचा खिळा मी ठोकलेला. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती हातात येते. तिथे हा फुलाफुलांची कव्हरं टांगणार.
बायकोने तोडगा काढला. महिनाअखेरपर्यंत वेबसाइट बघून एक, फक्त एक गिऱ्हाईक आलं, तर भावाला नाही म्हणून सांगेन. नाहीतर मधे पार्टिशन. मी हसत हसत होकार दिला. नंतर लक्षात आलं, महिना फेब्रुवारी आहे. दोन दिवस आधीच कापलेले. बहीण-भावाने कॅलेंडर बघूनच बैठक बोलावली असणार.

६ फेब्रुवारी
लिहायला बसलो. अडचण अशी की ताजं असं काहीच नाही. कुलूप तेच, किल्ली तीच, मीही तोच. तासाभराने सुचलं: बदलता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, दुकानाची वेळ. ‘दहा ते सात’ खोडून ‘अकरा ते आठ’ केलं. मजकूर ताजा झाला.
बायको म्हणाली, वेळ ही बदलायची गोष्ट आहे का. मी म्हणालो, काळच बदलतोय.

८ फेब्रुवारी
साइटवर भेटींचे आकडे दिसतात. पहिल्या दिवशी त्रेपन्न. जल्लोष. कन्येने तपासून सांगितलं, त्रेपन्नही तुम्हीच. तिने माझा फोन मोजणीतून वगळला. आज आकडा शून्य. पोरीने बापाचं यश एका बटणात पुसलं.

११ फेब्रुवारी
रोज बरोबर बाराला वेळ बदलायची, अशी शिस्त लावून घेतली आहे. आज ‘पाच ते नऊ’. लिहिलंय म्हणजे पाळायलाही हवं, त्यामुळे पाचपर्यंत शटर खाली. आत दिवा लावून लेखन. एकाग्रता उत्तम. गिऱ्हाइकांचा अजिबात त्रास नाही.

१२ फेब्रुवारी
भेट आली! एक. सकाळी अकरा वाजता. अकरा मिनिटं थांबून सगळी पानं वाचली.
माझ्या दुकानाबद्दल अकरा मिनिटं वाचण्यासारखं काय आहे? मी लिहिलंय, मला माहीत आहे. चार मिनिटांचा ऐवज आहे. उरलेली सात मिनिटं कोणीतरी अभ्यास करतंय.

१३ फेब्रुवारी
पुन्हा अकराला. समोरचाच. दुसरं कोण?
उद्या पाळत ठेवायची.

१४ फेब्रुवारी
अकराला शटरच्या फटीतून समोर पाहिलं. समोरचा दोन्ही हातांनी करवत चालवत होता, फोन खिशात. इकडे आकड्यांत भेट पडली. म्हणजे स्वतः वाचत नाही. माणूस ठेवलाय.
मोठं प्रकरण आहे.

१५ फेब्रुवारी, चार वाजून पाच मिनिटं
शटरवर टकटक. मी आत लिहीत होतो. आज वेळ सहापासून, तसं बाराला स्पष्ट लिहिलंय. मग चारला कोण येईल? ज्याला मी आत काय करतो हे बघायचंय तोच. श्वास रोखून बसलो. फटीतून फक्त पाय दिसले: तपकिरी चपला, डाव्या चपलेचा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला. बाईमाणूस. पायांशी लोंबती कापडी पिशवी, आत चौकोनी काहीतरी. कॅमेरा असू शकतो.
चपला वळल्या आणि रस्ता ओलांडून थेट समोरच्याच्या दुकानात गेल्या. आता पुरावा हवा कशाला?

१६ फेब्रुवारी
बायकोला सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, दार उघडून कोण आहे असं विचारलं असतंत तर? मी म्हणालो, कुलपं विकणाऱ्या माणसाने उठसूट दारं उघडली तर त्याच्या मालावर कोण विश्वास ठेवेल. ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

१८ फेब्रुवारी
अनुभवातून लेखन, हेच खरं ताजं. नवा लेख: ‘संशयास्पद टकटक ओळखण्याच्या पाच खुणा.’ पहिली खूण, तीन ठोके. दुसरी, शिवलेली चप्पल. तिसरी, पिशवीत चौकोनी वस्तू. उरलेल्या दोन सुचल्या की टाकीन.
साइट तिसऱ्या पानावर सरकली. कन्येला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, गिऱ्हाईक येतंय का ते बघा. हिलाही आईने फितवलंय.

२० फेब्रुवारी
चपलांची दुसरी फेरी. पुन्हा चारला, पुन्हा टकटक, पुन्हा रस्ता ओलांडून समोर. आज बाराला वेळ ‘साडेपाचपासून’ केली होती. यांना बरोबर बंद वेळच कशी सापडते? आतली माहिती फुटतेय. आत मी एकटाच असतो.

२३ फेब्रुवारी
तिसरी फेरी. या वेळी दहा मिनिटं उभी होती. मी टेबलाखाली. गुडघा धरला.
मेहुणा टेप घेऊन येऊन गेला. सहज, म्हणाला. सहज कोणी भिंतीची उंची मोजतं?

२५ फेब्रुवारी
चौथी फेरी. चपला समोर गेल्या त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. करवतीचा आवाज ऐकला. काहीतरी शिजतंय.
तीन दिवस उरले. गिऱ्हाईक शून्य. चिंता नाही. यंत्राला वेळ द्यावा लागतो.

२८ फेब्रुवारी, सकाळ
शेवटचा दिवस. बायकोने शटर पूर्ण वर केलं आणि काउंटरला खुर्ची टाकून बसली. आज बाराला काहीही बदलायचं नाही, म्हणाली. माझा फोन तिच्या पर्समध्ये.

२८ फेब्रुवारी, दुपार
चारला तपकिरी चपला दुकानात शिरल्या. वर एक वयस्क बाई होत्या. मी बायकोला डोळ्यांनी खुणावलं. तिने त्यांना बसायला स्टूल दिलं.
बाईंनी पिशवीतून पत्र्याची जुनी पेटी काढली. त्यांच्या यजमानांची. किल्ली त्यांच्याबरोबरच हरवली. कुलूप जुन्या घडणीचं, तोडायचं नव्हतं. आमची साइट बघून त्या तीन बस बदलून येत होत्या. रोज अकराला वेळ वाचायच्या, दुपारी उघडं दिसलं की जेवून निघायच्या आणि चारला पोचायच्या. बायकोने बोटांवर हिशेब केला: त्या अकराला वाचतात, हे बाराला बदलतात, त्या चारला येतात. मग माझ्याकडे पाहिलं. असं लग्नानंतर दोनदाच पाहिलंय.
समोरचा त्यांना दर वेळी सांगायचा की हे कुलूप न तोडता उघडणारा हात या रस्त्यावर एकच आहे, शटर वर जायची वाट बघा. बाई वाट बघायच्या आणि शेवटची बस पकडायच्या. तीन दिवसांपूर्वी चौथ्यांदा परत निघाल्या तेव्हा त्यालाच राहवलं नाही. त्याने कुलूप कापून दिलं. कापताना दोनदा थांबले हो ते, बाई म्हणाल्या.
मी पेटी हातात घेतली. कडीला करवतीचा ताजा ओरखडा. हे कुलूप मी दहा मिनिटांत उघडलं असतं. भिंतीवर डावीकडून चौथी रांग, सातवा खिळा. हात आपोआप तिकडे गेला.
आज का आलात, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, “तुमचा तो टकटकीचा लेख. छान लिहिता तुम्ही, मी रोज वाचते. पण ठोके मी दोनच मारले होते. तीन नाही. तेवढं बदला.”

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
बायकोपुढे मुद्दा मांडला. अट होती की वेबसाइट बघून एक गिऱ्हाईक यावं. आलं. चार वेळा आलं. मी त्याला आत घ्यावं असं अटीत कुठेही नव्हतं. अट पूर्ण झाली.
तिने शांतपणे भावाला फोन लावला आणि सुतार घेऊन ये म्हणाली.

४ मार्च
पार्टिशन उभं राहिलं. सहाशेचाळीस किल्ल्या तीन गोण्यांत. आज एक शोधायला अर्धा तास लागला, डोळे उघडे ठेवून.
साइटवर लिहिलं: ‘आता सुटसुटीत जागेत.’ दुसऱ्या पानावर आलो. कन्या म्हणते, त्या बाईंनी साइटबद्दल चांगला अभिप्राय लिहिला, त्यामुळे. ठोके दोन केले आहेत.

५ मार्च
पार्टिशनच्या दाराला कुलूप लागलं. समोरच्याकडचं. मी बायकोच्या भावाला जाब विचारला: सख्ख्या मेहुण्याचं कुलपांचं दुकान शेजारी असताना?
तो म्हणाला, “दाजी, आधी तुमचीच साइट बघितली. बंद दाखवत होती.”
फोन काढून पाहिलं.
बरोबर होतं.