मनीला दूध कोण देत होतं

मंगळवार, संध्याकाळ

मनीचं पोट महिनाभर बिघडलेलं. डॉक्टरांनी या मांजरीला दूध पचत नाही, बंद करा म्हटलं, तेव्हा हे शेजारीच उभे होते. तरी रोज मलाच बोलायचे, "तुह्या मासोळीनंच होते तिले." मी मासोळीही बंद केली.

आज वरठीहून लवकर परतले, तर हे अंगणात मनीपुढे दुधाची वाटी धरून बसलेले.

"काहून जी?" एवढंच विचारलं.

"नाही तं थे माह्याजवळ येतच नाही." मान खालीच.

त्यापायी महिनाभर माझ्यावर आळ? मी स्वतःला दोष देत राहिले आणि हे पाहत राहिले? ती वाटी अजून घासली नाही, हात लावावासा वाटेना.

आत्ता मनी पुन्हा ओकली. मी उठले नाही. हेच उठले.