मोजणीबाहेरचं घमेलं

आबा, तुमच्यावरचा माझा राग गेला असं म्हणाले तर ते खोटं होईल. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, मी पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि तरीही भाताच्या शेतात कुणी युरियाचं घमेलं उचललं की तुमचा आवाज ऐकू येतो आणि माझं डोकं तापतं. उद्या समुद्राकाठच्या एका गावात शेतकऱ्यांची सभा आहे. त्यांच्या खाडीचं पाणी हिरवं पडायला लागलंय, आणि मला त्यांच्यापुढे उभं राहून सांगायचंय की हे तुमच्याच वावरातून येतंय. असं सांगितलं की लोक कसे बघतात, ते मला आता सवयीचं झालंय. दरवेळी बोलते तेच उद्या बोलणार आहे. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या कानावर घातल्याशिवाय पुढे जाऊ नये असं सकाळपासून वाटतंय, म्हणून जेवण आटोपून लिहायला बसले.

तुमचं गोडाऊन मला जसंच्या तसं आठवतं. डिंडोलीच्या पुढे घरं संपून शेतं सुरू व्हायची तिथे शेतकऱ्यांच्या सोसायटीचं, तिकडच्या भाषेत मंडळीचं, पत्र्याचं गोडाऊन. आत छतापर्यंत गोण्या. दार उघडलं की डोळ्यांना चुरचुरायचं, आणि तुम्ही मात्र तिथेच गोणीवर बसून भाकरी खायचात. पारोळ्याकडून लूम चालवायला लिंबायतला आलेला माणूस. लूमच्या खडखडाटाला दोन वर्षांत विटलात, मंडळीत हमाल म्हणून लागलात, आणि पुढे गोडाऊनची किल्लीच तुमच्या कमरेला आली. शाळा चौथीपर्यंतची. पण तिथले गुजराती शेतकरी शेतीखात्याच्या साहेबाला विचारायचे नाहीत, तुम्हाला विचारायचे. ‘भाऊ, केटलुं नाखुं?’ किती टाकू? तुम्ही विडी विझवायचात, त्यांच्या पिकाचा रंग विचारायचात आणि आकडा सांगायचात. त्या आकड्यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा डॉक्टरवरही नव्हता. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही लिहून ठेवते. नाहीतर म्हणाल, पोरीला नुसते दोष दिसतात.

मी बी.एस्सी. झाले आणि माती तपासायच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, तेव्हा तुम्ही नवीन लेडीज सायकल आणलीत. हँडलला हळदकुंकू लावलंत आणि गल्लीत ज्याला त्याला थांबवून सांगितलंत, ‘आते मनी पोर साहेब व्हयनी.’ मी लाजून घरात पळाले होते. त्या सायकलवर मी रोज कामाला जायचे. शेतकरी फडक्यात माती बांधून आणायचे, आम्ही ती तपासायचो, आणि मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहायचे : नत्र पुरेसं आहे, युरिया कमी करा. असे कितीतरी कागद लिहिले. आपण केवढं मोठं काम करतोय असं वाटायचं. मग एक दिवस तुमचा डबा घरी विसरला म्हणून मी गोडाऊनला आले. खिडकीशी वाकड्या तारेत कागदांचा गठ्ठा खोचलेला, आणि वरच्या कागदावर माझं अक्षर. खालच्याही. शेतकरी ते कागद प्रामाणिकपणे तुमच्याकडे आणून देत होते, आणि तुम्ही न वाचता तारेत खोचून त्यांना नेहमीचाच आकडा सांगत होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपलं पहिलं मोठं भांडण झालं. आई कळण्याच्या भाकरी थापतेय. तुम्ही पाटावर बसून ठेचा कालवताय. मी दारातच उभी राहून विचारते की माझे कागद तारेला का? तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘कागदवर भात पिकस का व?’ मी म्हणते, जास्त युरिया पीक खात नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. तुम्ही म्हणता, ‘तू माले शिकाडस?’ आई तव्यावरची भाकरी उलटत मध्येच बोलते, ‘अति तिथे माती, म्हनतस ना लोके.’ तिच्याकडे तुम्ही असं पाहिलंत की ती पुढे गप्पच बसली. मीही बसले. पण माझं गप्प बसणं तुमच्यावरच गेलेलं आहे, आबा. ते फार टिकत नाही.

प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट ही. सगळं शहर झाडूनपुसून लख्ख झालं होतं आणि जो तो त्याच्याच गप्पा मारत होता. आपल्या दाराशी खाडीच्या मुखाकडून एक मासेवाली यायची, आठवते? टोपलीत बोई आणि चिखलात उड्या मारणारे लेवटे. तुम्हाला लेवट्यांचा रस्सा एवढा आवडायचा की ती आल्याशिवाय तुमचा रविवार व्हायचा नाही. तीन रविवार ती आली नाही. चौथ्याला आली ती रिकामी टोपली घेऊन, आईकडे थोडे तांदूळ मागायला. ‘बेन, खाडीनुं पानी लीलुं थई गेयुं,’ म्हणाली. पाण्यावर हिरवी साय धरली होती, ती कुजून वास सुटला होता आणि मासे पोटं वर करून काठाला लागत होते. तिचा नवरा जाळं गुंडाळून पांडेसऱ्यात मिलमध्ये लागायचं म्हणत होता. तिला दोन मुली होत्या. ती उंबऱ्याशी बसून रडली नाही, नुसती आपली रिकामी टोपली उलटी करून झटकत राहिली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. ही खाडी अशी मरू द्यायची नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

तुम्ही लगेच म्हणालात, ‘पहिले मिलवालास्ले सांग, मंग वावरनं नाव ले.’ मिलचं रंगीत पाणी मीही पाहत होते, ते काही खोटं नव्हतं. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मला पटेना. पुढच्या रविवारी मी सायकल काढली आणि त्या खाडीच्या काठाकाठानं वर गेले. खाडीच्या त्या वरच्या फाट्यावर एकही मिल नव्हती. दोन्ही बाजूंना भात आणि ऊस, कालव्याचं पाणी, आणि प्रत्येक शेताच्या कोपऱ्यात फोडलेला बांध. युरिया टाकून दुसऱ्याच दिवशी लोक पाणी सोडून देत होते आणि ते चरातून सरळ खाडीत पडत होतं. मी बाटली भरून आणली. प्रयोगशाळेत नळीत औषध घातल्याबरोबर पाणी गडद गुलाबी झालं, म्हणजे नत्र भरपूर. ती नळी मी तुम्हाला घरी आणून दाखवली. तुम्ही ती उजेडात धरलीत, बराच वेळ पाहिलीत आणि म्हणालात, रंग चांगलाय. मला तुमचा असा संताप आला की विचारू नका.

पण खरं कोडं मला सुटत नव्हतं. तुमचा आकडा तपासला तर फार चुकीचा नव्हता. भाताला विंघ्याला, म्हणजे तिकडच्या बिघ्याला, चार घमेली, खात्याच्या कागदापेक्षा थोडीच जास्त. मग एवढं सगळं येतंय कुठून? ते कळलं थोरल्या काकांच्या शेतात. तुमचे सगळ्यांत जुने मित्र ते, पाच-सहा विंघ्यांचे मालक. त्यांच्या भाताला पहिला युरिया नेहमी तुमच्या हातून पडायचा. मी हट्टानं बरोबर आले होते. तुम्ही चपला काढल्यात, जमिनीला हात लावलात, पहिलं घमेलं भरलंत आणि म्हणालात, ‘लाभ.’ ते उधळून झालं. मग दुसरं भरलंत आणि म्हणालात, ‘एक.’ गावाकडे खळ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात. बरेच लोक त्यालाच एक धरतात आणि पुढे दोन म्हणतात. आपल्या घरात मात्र लाभ मोजणीबाहेर, तो धरणीचा. धान्याची ती रीत तुम्ही युरियाला लावली होतीत आणि इतक्या वर्षांत आसपासच्या सगळ्या गावांना शिकवली होतीत. शेजारच्या वावरातूनही ‘लाभ, एक, बे’ ऐकू येत होतं. चाराची पाच घमेली, प्रत्येक विंघ्याला, प्रत्येक वेळी, एका पिकाला तीनदा. कुणाच्याही हिशेबात नसलेलं एक घमेलं.

तिथे मी चुकले. घरी येऊन सांगायला हवं होतं. मी बांधावरून, काकांच्या आणि चार गड्यांच्या देखत ओरडले, ‘आबा, तुमचा लाभ खाडीत जातोय! मासे त्यानं मरतायत!’ तुमच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. काका खाली बघायला लागले. तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, ‘लाभ मोजतस नही, पोरी. मोजा का बरकत उडी जास.’ आणि उरलेली घमेली उधळून, पाय धुऊन, माझी वाट न बघता चालत निघून गेलात. तुम्ही का चिडलात ते मला आज समजतं. ज्या मातीत तुम्ही वाढलात तिला सगळंच कमी पडायचं; जास्त दिल्यानं काही बिघडतं हे तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. आणि तुमची एवढी श्रद्धेची गोष्ट मी गुन्ह्यासारखी चव्हाट्यावर मांडली. बोलले ते खरं होतं. पण तसं बोलले याची लाज वाटते.

त्यानंतर बारा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तेराव्या दिवशी दुपारी मंडळीचा माणूस प्रयोगशाळेत धावत आला. गोणी उतरवताना छातीत कळ आली, म्हणाला. मी सायकल अशी मारली की वाटेत चप्पल पडली तरी थांबले नाही.

तुमच्या तेराव्याला शेतकरी आले. पंचवीस-तीस माणसं अंगणात सतरंजीवर बसली आणि प्रत्येकजण भाऊनं आपल्याला काय सांगितलं होतं तेच सांगत होता. पुढच्या आठवड्यात भाताला दुसरा युरिया पडायचा होता. मला कळत होतं की आता ही माणसं तुमच्या आठवणीनं दोन-दोन घमेली लाभ टाकतील. मी उठून उभी राहिले. तुमचं शेवटचं बोलणं मी त्यांना सांगितलं : माझ्यामागे लाभ टाकू नका, तो खाडीला जातो, आणि युरिया टाकल्यावर चार दिवस बांध फोडू नका. मग थोरल्या काकांनी विचारलं, ‘दीकरी, तारा बापे एवुं कीधुं?’ तुझा बाप असं म्हणाला? मी हो म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि आपल्या एका विंघ्यात लाभ बंद केला. बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाहून केला. पीक तसूभर कमी आलं नाही. पुढच्या हंगामात सगळ्या शेतांत बंद झाला, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या दोन गावांत.

खाडी काही जादूनं निवळली नाही. खाली मिलच्या पाण्याची लढाई वेगळी होती, तीही आम्ही वर्षानुवर्षं लढलो, अर्ज केले, माणसं नेऊन दाखवली, कधी हरलो. पण वरच्या फाट्यावरची हिरवी साय तिसऱ्या वर्षी विरली, आणि एका रविवारी ती मासेवाली टोपलीत मूठभर लेवटे घेऊन दाराशी आली. आईनं रस्सा केला. पहिली वाटी मी तुमच्या फोटोपुढे ठेवली. त्यानंतर मी किती गावं फिरले ते आता आठवत नाही. ऐकून घेतात, मान डोलवतात आणि तेच करतात, असं पालथ्या घड्यावर पाणी पुष्कळदा पडलं. अशा वेळी मी तुमचं शेवटचं बोलणं सांगते. ते ऐकल्यावर लोक शांत होतात. दरवेळी होतात.

आबा, मी गोडाऊनला पोहोचले तेव्हा तुम्ही गेला होता. सोबतच्या हमालाला मी विचारलं, काही म्हणाले का? तो म्हणाला, नाही, काहीच नाही. माझं नावही नाही. तुमच्या तोंडी घातलेला तो एकेक शब्द माझा आहे. तुम्ही असता तर उठून सांगितलं असतंत की ही पोर खोटं बोलतेय, आणि त्यांनी तुमचंच खरं मानलं असतं. तुम्हाला नाही म्हणायला येता येत नाही, याचा मी एवढी वर्षं फायदा घेतला. उद्याच्या सभेतही घेणार आहे.