दोन टिचक्या

प्रिय बारक्या,

परवा बऱ्याच वर्षांनी बाबांबरोबर माळरानाच्या फेरीला गेले. तू म्हणशील, हिला हे खूळ कुठून सुचलं? लहानपणी माझी बडबड ऐकून हरणं पळतात म्हणून बाबा मला न्यायचेच नाहीत, सदा तुलाच. या वेळी त्यांनीच चल म्हटलं. हल्ली ते पाण्याचा पेला चाचपून उचलतात, म्हणून मलाही त्यांना गाईडच्या कामावर बघायचं होतं. पाहुणे चौघं होते, जीप चालवायला बाबांचा नेहमीचा जोडीदार. मी मागे गप्प बसले होते, तुझी शपथ.

आधी पक्ष्यांच्या तळ्यावर गेलो. बाबा आवाजावरून एकेक पक्षी सांगत होते आणि पाहुणे माना डोलवत होते. एकही चुकला नाही. मला वाटलं, आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला.

मग अभयारण्यात शिरलो. गवत पार सुकलंय, वाऱ्याने एका अंगाला कललंय. बाबांची रीत तीच जुनी. जनावराचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, नाहीतर पाहुणे उभे राहून कल्ला करतात. जीपच्या दारावर एक टिचकी म्हणजे हरिण, दोन म्हणजे लांडगा. आठवतं, आईचा पारा चढला की बाबा जेवताना ताटावर दोन टिचक्या मारायचे आणि आपण दोघं खाली मान घालून हसू दाबायचो? आईला शेवटपर्यंत त्याचा अर्थ कळला नाही. किंवा कळलाही असेल, तिचं काय सांगावं.

उतरणीवर बाबांनी दोन टिचक्या मारल्या. जीप थांबली, सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. समोर जळक्या झाडाचं खोड होतं रे. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. जोडीदार मान खाली घालून बसला. त्याला सवय झाली असावी. मीच ओरडले की दिसला, केवढा मोठा आहे! मला इतकं रडू आलं की डोळ्यांत धूळ गेल्याचं सोंग केलं.

घरी येताना ते हळूच म्हणाले, तू एवढ्या मोठ्याने ओरडलीस तरी तो जागचा हलला नाही, म्हणजे खोडच असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाईडचा बिल्ला परत केला.

डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलीय तीही फार दिवस टिकणार नाही. तू काम टाकून धावत येशील म्हणून तुला कळवायचं नाही, अशी बाबांची ताकीद आहे. फोनवर सांगायची सोय नाही, त्यांचे कान तुला माहीत आहेत. पण रोज सकाळी ते तुझा फोटो खिडकीशी नेऊन नाकाला लावून बघतात, ते मला बघवत नाही. तू ये. आणि दारात आल्यावर लगेच हाक मारू नकोस. आवाजावरून ते तुला कधीही ओळखतील. आधी थोडा वेळ उजेडात नुसता उभा राहा.

तुझीच,
बडबडी ताई