जर्मन रायफलीतली हळद

अण्णा, परवा कुंभार पिंपळगावच्या पाटलांचा मुलगा मंठ्याला मी शिकवते त्या शाळेत आला होता. पाटील गेले, आता ती जर्मन रायफल ठाण्यात जमा करायची आहे. त्याआधी एकदा उघडून साफ करावी म्हटलं, तर जालन्यात ती कुणालाच उघडता येईना. "तुमच्या वडिलांनी, मिस्त्रींनी, काही लिहून ठेवलंय का, ताई?" त्यानं विचारलं. तुम्ही गेल्यावर तुमची वही माझ्याकडे आली हे त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे. मी दुसऱ्या दिवशी या म्हणाले, आणि तेव्हापासून तुमच्याशीच बोलते आहे.

जालन्यात मस्तगडातल्या आपल्या दुकानात एकनळी, दुनळी बंदुका पुष्कळ यायच्या. तशी रायफल मात्र एकच, पाटलांची. ती पहिल्यांदा उघडलीत तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजातून नुकतीच आलेली. नळीच्या मागे सरकून तिचं तोंड बंद करणारा बोल्ट तुम्ही तळहातावर धरता. त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठे दोन पोलादी रोलर, मध्ये एक पाचर. बोल्ट मिटला की पाचर रोलरांना बाहेर ढकलते आणि ते नळीमागच्या खाचांत जाऊन बसतात. बार उडाला की त्यांना आधी खाचा सोडून आत यावं लागतं, मगच बोल्ट मागे येतो, रिकामं काडतूस फेकतो, दुसरं आपोआप चढवतो. "बघ, घाई न्हाई करत हे," तुम्ही म्हणता. "गोळी नळीच्या बाहेर पडूस्तोर दम धरतंय. कोण्या जर्मनानं डोकं लावलंय, लई शहाणा माणूस." तुमचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा दरवर्षी माझ्याकडे. कानस, पकड, शिकंजा, बंदुका, सगळ्यांना हळदकुंकवाची बोटं लावली. तुमची लाडकी रायफल उघडीच होती. घरी आई जात्याच्या खुंट्याला आतूनही हळद लावायची. मला वाटलं, जिथं हिचा जीव आहे तिथंही लागायला हवी. ओल्या हळदीचं बोट मी त्या दोन्ही खाचांत फिरवलं. संध्याकाळी पाटलांचा माणूस घाईत आला आणि तुम्ही ती जोडून दिलीत.

महिन्याभरानं पाटील आले ते काठी टेकत. उसात रानडुक्कर समोरून आलं, बोल्ट पुरता मिटला नाही, बार उडालाच नाही. मांडी फाटली होती. "मिस्त्री, तुम्ही तर बराबर करून दिल्ती. मंग मिटली कामून न्हाई?" तुम्ही रायफल उघडलीत, खाचेत काडी फिरवलीत. काडीच्या टोकाला पिवळी खपली आली. मी दारातच उभी होते. तुम्ही काडी मुठीत घेतलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "चूक माझी हाय, पाटील. जोडताना पाह्यलं न्हाई मी." ते रायफल घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत, आणि हळूहळू तिकडची गिऱ्हाईकंही तुटली. तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. मीही बोलले नाही. पुढच्या खंडेनवमीला पूजेचं ताट माझ्या हातात देताना एवढंच म्हणालात, "लाकडाला लाव. लोखंडाला नको." पुरेसं होतं ते.

काल तो मुलगा आला. मी वही उघडून दिली. तुमचं चित्र, रोलर, पाचर, बाण, सगळं पेन्सिलीनं. पानाच्या तळाशी मात्र शाईनं एक ओळ होती, ती मी इतक्या वर्षांत वाचलीच नव्हती. त्यानंच मोठ्यानं वाचली: "मिटवण्याआधी खाचा कोरड्या पुसणे. एकदा विसरलो." "आमचे बाबा शेवटपर्यंत लंगडले, ताई. पण ते म्हणायचे, मिस्त्रींचा हात लई बारीक. एकदाच चुकले बघा." त्यानं माझ्याकडे बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. समोर त्यांचा मुलगा, हातात तुमची वही, दुसरं कुणी नाही.

मी म्हणाले, "हो, विसरले असतील."

तुम्ही विसरला नव्हतात. माझ्यासाठी तुम्ही वहीतसुद्धा खोटं लिहून ठेवलंत. आणि काल मी ते खरं करून दिलं. आता हे तुम्हाला लिहून काय होणार? तुम्हाला तर सगळं ठाऊकच होतं. ठाऊक नाही ते त्या मुलाला. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, आणि सकाळपासून मी फोन न लावता तुम्हालाच लिहीत बसले आहे, कारण तुम्ही रागावत नाही.