ग्रहणात चिरलेला पेरू

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसले की आधी हात धुवावेसे वाटतात. तुम्ही डॉक्टर, तुमच्या दवाखान्याची शिस्तच तशी होती. परळीतलं ते बाळंतपणाचं हॉस्पिटल, खिडक्यांवर थर्मल वीजकेंद्राची राख, ती मी रोज दोनदा पुसायची. हातात नर्सिंगचा कागद होता, पण मला काही येत नव्हतं. नाळ कशी बांधायची, बाळाच्या तोंडातला चिकटा कसा काढायचा, सगळं तुम्ही शिकवलंत. आईपेक्षा जास्त मानलं तुम्हाला, म्हणूनच राग अजून उतरत नाही.

ग्रहणाचा तो दिवस. मला सातवा महिना. सासूबाईंनी बजावलेलं, "आज काई चिरू नको, कापू नको." मी भीत भीत ड्यूटीवर येते तर तुम्ही हसताय. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मला बसवता, हातात सुरी आणि पेरू देता. "चीर आणि खा. नर्स होऊन असलं मानतेस? सावली पडली सूर्यावर, पोटातल्या लेकराला त्याचं काय?" मी चिरला. मीठ लावून अर्धा तुम्ही खाल्लात, अर्धा मी. घरी कुणाला सांगितलं नाही, पण मला स्वतःचा लई अभिमान वाटला होता.

मग माझी वेळ आली. तुम्हाला दुपारच्या गाडीनं हैदराबादला निघायचं होतं. कळा वाढवायच्या इंजेक्शनची बाटली लावलीत आणि थेंब वाढवत नेलेत. दोन कळांमध्ये उसंतच राहिना. रोज हेच काम बघणारी मी, मला कळत होतं. "बाई, थेंब कमी करा," म्हटलं, तर म्हणालात, "टेबलावर झोपून मला शिकवू नकोस." पोरगी निळी पडून आली. बराच वेळ रडलीच नाही. मग बारीक आवाज निघाला, अंग गुलाबी झालं. "रडली ना? मग झालं," म्हणालात आणि गाडी गाठलीत. दुसऱ्या दिवसापासून तिला झटके. तुम्ही परत आलात तेव्हा सासूबाईंनी दारातच धरलं, "आमचं लेकरू असं कावून झालं, बाई?" तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. "गिराणात काही चिरलं होतं का, विचारा हिला," एवढं बोलून आत गेलात. मी काय सांगणार होते? चिरला होताच की. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "आईनंच लेकराचं वाटोळं केलं." नवराही तेच धरून बसला. पोरगी आज मोठी बाई झाली, पण मान धरत नाही. दुधात कुस्करलेली भाकरी मी अजून चमच्यानं भरवते.

पुढं सरकारी नोकरीत नवजात बाळांच्या वॉर्डात लागले. तिथं ट्रेनिंगमध्ये एका तरुण डॉक्टरनं समजावलं. मेंदूतच एक वायू तयार होतो, नायट्रिक ऑक्साइड. बेतात असला की रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतो, पेशींचे निरोप पोचवतो. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला की तोच बेसुमार तयार होतो आणि पेशींनाच मारतो. बाळ रडलं, गुलाबी झालं, तरी आत तासन् तास हे चालूच असतं. मी हात वर करून विचारलं, "आणि आईनं ग्रहणात पेरू चिरला असेल तर?" सगळ्या नर्सा हसल्या. डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, तुम्ही पण?" त्या दिवशी बसमध्ये मी रडले. तो वायू आवरण्याचा इलाज त्या काळी कुणाकडंच नव्हता, हे मला समजतं. थेंब कमी करता आले असते, बाई. आणि खरं बोलता आलं असतं.

आता एक राहिलंय. तुमचं हॉस्पिटल मी लगेच सोडलं नव्हतं. पोरगी वर्षाची असेल, युसूफ वडगावची एक पहिलटकरीण आली. तीच बाटली, तसेच थेंब, तसंच निळं बाळ. तिची सासू दारात उभी. तुम्ही अजून हातमोजे काढत होता, तोंडही उघडलं नव्हतं. मीच विचारलं त्या बाळंतिणीला, "मागच्या गिराणात काही चिरलं होतंस का गं?" ती रडत "व्हय" म्हणाली.

हे पत्र खरं तर तिला जायला हवं. गाव माहीत आहे, इथून थेट एसटी आहे. मी अजून गेलेले नाही.