डाव्या भुवईवरची खोक

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे छपन्न, अविवाहित, व्यवसाय मुद्रितशोधन, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कुणाचा दाब नाही आणि मी कुठल्याही नशेत नाही. सकाळपासून चार कप चहा झाला आहे, तो धरायचा असल्यास धरावा. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "अगदी नेहमीचं काम आहे." त्यांचं असेल. माझं पहिलंच आहे.

हे मृत्युपत्र मी मागच्या खोलीत, स्कॅनरच्या शेजारी बसून लिहिते आहे. बाबा पुलांचे अभियंता होते आणि जिथे पूल तिथे त्यांचा कॅमेरा. त्यांच्या एकोणीसशे स्लाइड आणि बिस्किटांच्या नऊ डब्यांत भरलेल्या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. एका स्लाइडला यंत्र चार मिनिटं घेतं. स्लाइड अकराशे झाल्या, आठशे उरल्या. मंगळवारपर्यंत त्या होत नाहीत एवढं गणित मला येतं, तरी यंत्र बंद करवत नाही. दर चार मिनिटांनी उठावं लागतं; एखादं कलम मध्येच तुटलं तर त्याचं कारण हे, झडप नव्हे.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं तर तो माझा मामेभाऊ असेल. त्याच्याकडे कलम ६ मध्ये वळते.

कलम २. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, स्वकष्टार्जित, भाचीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला द्याव्यात. भिंती तिने हव्या त्या रंगाच्या कराव्यात. मागच्या खोलीत मात्र उरलेलं स्कॅनिंग संपेपर्यंत पंखा लावू नये, गालिचा घालू नये, आणि कामाआधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. धूळ आपल्याला दिसत नाही. तिला आपण दिसतो.

कलम ३. बँकेतली शिल्लक, दवाखान्याने काही ठेवली तर, निम्मी भाचीला आणि निम्मी मी जिथे संस्कृत शिकले त्या शाळेच्या ग्रंथालयाला.

कलम ४. माझे सगळे कोश आणि लाल पेन्सिलींचं खोकं छापखान्याच्या मालकांना. सत्तावीस वर्षांत त्यांनी माझं एकच शुद्धिपत्र मला न दाखवता छापलं आणि त्यात चार चुका निघाल्या. "वाचतो कोण बाई ते," असं म्हणाले होते. मी वाचते, मालक. अजून.

(यंत्र थांबलं. उठून आले. पुलाचा खांब, त्याच्या पायाशी छत्री धरलेला अनोळखी गृहस्थ. या गृहस्थांना ओळखणारं आता बहुधा एकच माणूस उरलं आहे, आणि ते माझ्याशी बोलत नाही.)

कलम ५. फिल्म बघायची उजेडाची काचपेटी आणि दहापट दाखवणारं भिंग खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. सुती हातमोजेही त्यांनाच. धुऊन द्यावेत.

कलम ६. मामेभाऊ. बाबा गेल्यावर हा म्हणाला, "दे इकडे, दोन दिवसांत सगळं डिजिटल करून टाकतो." त्याने खरोखरच दोन दिवसांत केलं. स्लाइड पडद्यावर टाकून मोबाइलने फोटो काढले. निळं आकाश हिरवं आलं, बाबांचे पूल वाकडे आले, आणि प्रत्येक चित्रात वरच्या कोपऱ्यात त्याच्या दिवाणखान्यातला दिवा. वर म्हणाला, "आता मूळ ठेवून काय करायचं?" आणि दोन डबे रद्दीत घालायला काढले. ते मी रिक्षाने परत आणले. त्याला माझा पिसांचा झाडू द्यावा. फिल्मवर तो फिरवू नये, चरे पडतात, घरात फिरवावा.

कलम ७. बाबांच्या सर्व स्लाइड, सर्व निगेटिव्ह, स्कॅनर, आणि झालेल्या चित्रांच्या तिन्ही प्रती (एक या घरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक भाचीकडे) माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, द्याव्यात. सोबत पुढचा मजकूर तिला वाचून दाखवावा. वाचताना घाई करू नये.

ताई, उरलेलं काम असं कर. आधी ब्लोअरने हवा मारायची, तोंडाने फुंकायचं नाही. काहीही ओल्या कापडाने पुसायचं नाही. वळलेली फिल्म जाड पुस्तकाखाली दोन दिवस ठेव. माझे कोश मालकांकडे गेले असतील, तर तुझा स्वयंपाकाचा ग्रंथ पुरेल. यंत्र 'मीच रंग सुधारतो' असं म्हणतं, त्याला सुधारू द्यायचं नाही. उजळ भाग पांढरेफटक होणार नाहीत एवढं बघायचं, बाकी नंतर. यंत्राच्या खोक्यावर मोठाले आकडे लिहिलेत त्यांना भुलू नकोस. ठरावीक बारकाव्याच्या पुढे यंत्र फक्त फाइल फुगवतं, नवं काही दाखवत नाही. आणि धूळ आपोआप काढायची जी सोय आहे ती रंगीत फिल्मला चालते. कृष्णधवलला लावली तर ती धुळीबरोबर माणसांचे चेहरेही पुसट करते. तो धडा मी आईच्या चेहऱ्यावर शिकले.

(उठले. परत आले. पुढचं थोडं मोठ्या अक्षरात.)

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तू अकराची. मला आई म्हणजे भिंतीवरचा फोटो. तो बाबांनी स्वतः, न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून, छापलेला. त्यात आईच्या उजव्या भुवईवर खोक आहे. बाबांच्या खोल्या आवरताना तू तो हातात घेतलास आणि म्हणालीस, "हा उलटा छापलाय. खोक डावीकडे होती. माझ्याच हातून डब्याचं झाकण लागलं होतं तिला, मला ठाऊक नसेल?"

मी विचारलं, "मग इतकी वर्षं का नाही बोललीस?"

तू म्हणालीस, "तेव्हा बाबा होते. हौसेनं छापला होता त्यांनी."

यावर मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेलच, माझ्याही आहे. मी म्हणाले, "फोटो समोर आहे ताई. आठवणीला काय, पुरावा नसतो." तू फोटो टेबलावर ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलीस. नऊ वर्षं झाली. लग्नकार्यात आपण एकमेकींना "बरी आहेस?" एवढंच विचारतो, आणि उत्तराला थांबत नाही.

गेल्या महिन्यात सातव्या डब्यात ती निगेटिव्ह सापडली. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे करून उजेडाला धरली की कडेला छापलेले आकडे सुलटे वाचता येतात, आणि तसे वाचता आले तरच चित्र सुलटं असतं. बाबांनी छापताना फिल्म उलट्या बाजूने ठेवली होती. मी आकडे सुलटे करून स्कॅन केली. खोक डाव्या भुवईवर आली. मला वाटलं, चूक माझी. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. मग फिल्म घेऊन डार्करूमकाकांकडे गेले, म्हणजे चौकातला स्टुडिओ बंद करून घरी बसलेले ते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकदाच पाहिली. म्हणाले, "तुमचे वडील पूल चांगले बांधत असतील."

ताई, दुसऱ्यांच्या चुका शोधून मी आयुष्यभर पोट भरलं आणि ही एक भिंतीवर टांगून ठेवली. खोक डावीकडे होती. तुला आई आठवते. मी चुकले.

कलम ८. व्यवस्था पाहणाऱ्या म्हणून मी हा कागद तपासणार असलेल्या वकीलबाईंना नेमते.

पुरवणी, त्याच हस्ताक्षरात, शनिवार-रविवार.

शनिवारी वकीलबाईंनी वरचा कागद वाचला. कलम ७ पाशी त्या थांबल्या.

"हे मृत्युपत्र आहे की पत्र?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"म्हणजे माफी मागायला तुम्ही मरायची वाट बघणार, आणि ती वाचून दाखवायची मी."

"घाई न करता," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. दुसरी अडचण काढली. साक्षीदार म्हणून मी डार्करूमकाका आणि शिंपीणबाई ठरवल्या होत्या. पण ज्याला या कागदाने काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ते मिळत नाही. काकांसाठी मी काहीच ठेवलेलं नव्हतं, कारण त्यांचे उपकार फेडण्यासारखे नाहीत. ते चालणार होते. शिंपीणबाईंना मी जिन्यातच विचारलं, भिंग की सही.

"भिंग," त्या म्हणाल्या. "सुई ओवता येत नाही हो आता. सही काय, कुणीही करेल."

कुणीही म्हणजे कोण, यावर मी सगळा शनिवार घालवला. तीस स्लाइड झाल्या, त्यातल्या सहा मी तिरप्या ठेवल्या होत्या. रविवारी सकाळी ताईला फोन केला. नमूद करते की फोन माफीसाठी नव्हता, साक्षीदारासाठी होता. माणसाला निमित्त लागतं. घंटा वाजत असताना मी दोनदा ठेवायला निघाले.

"कोण मेलं?" ताई म्हणाली. आमच्याकडे फोन त्यासाठीच होतो.

"अजून कुणी नाही. सही हवी होती."

तिने फोन ठेवला. तासाभरात आली. जिना चढून दम लागला होता तरी बसली नाही; स्कॅनरकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, म्हणाली, "एवढी स्वच्छ कधीपासून झालीस?" मग ऑपरेशनचं कळलं. तेव्हा बसली.

"मला सांगायचं नव्हतंस?"

"सांगते आहे ना."

"कागदावर."

मी साक्षीदाराचा नियम सांगितला. तिने विचारलं, "मला यात काही आहे का?"

"आहे."

"मग ते खोड, मी सही करते."

"आधी वाच, मग ठरव," मी म्हटलं, आणि यंत्र थांबलेलं नसतानाही उठून यंत्रापाशी गेले. पाठीमागे पान उलटल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ आला नाही. प्रुफं वाचताना मी इतकी कधी घाबरले नव्हते.

"हे मला तू गेल्यावर कळणार होतं?"

"तशी सोय केली होती."

"शहाणीच आहेस," ताई म्हणाली. नाक पुसलं. "आणि माझा स्वयंपाकाचा ग्रंथ मध्ये कशाला आणलास?"

मी पडद्यावर आईचं नवं चित्र उघडून दिलं. ती जवळ गेली, बोट भुवईपर्यंत नेलं, काचेला लावलं नाही. मग भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे वळली. तो मी काढून ठेवायचं ठरवलं होतं.

"राहू दे तो," ती म्हणाली. "आरशात तिला खोक तिकडेच दिसायची. तिचा असेल तो. हा आपला."

तेवढ्यात यंत्र थांबलं. पडद्यावर छत्रीवाला गृहस्थ होता, या वेळी पुलावर बसलेला.

"हे कोण?" मी विचारलं.

"हे? हे बाबांचे मुकादम. दर रविवारी जेवायला यायचे, आणि तू यांच्या छत्रीत लपायचीस." पुढची स्लाइड तिने स्वतः उचलली, कडेला धरून, आणि सवयीने फुंकर मारायला तोंड पुढे केलं.

"ब्लोअर," मी म्हटलं.

"माहीतेय. आत्ताच वाचलं."

वकीलबाई आणि काका पाच वाजता आले. तोवर अठरा स्लाइड झाल्या होत्या आणि चौदा माणसांना नावं मिळाली होती. सह्यांआधी मी खालील बदल केला, आणि तो माझ्याच बुद्धीने केला आहे:

कलम ७ पूर्ण खोडले. कारण: त्यातील सर्व वस्तू मी आज माझ्या हयातीतच ताईच्या हातात दिल्या आहेत, मजकूर तिने स्वतः वाचला आहे. निगेटिव्हचे डबे ती आज नेत आहे. स्कॅनर मंगळवारपर्यंत इथेच राहील, आणि मी दवाखान्यात असताना ती इथे बसून काम चालू ठेवील. मी परत आले तर दर चार मिनिटांनी आळीपाळीने उठायचं ठरलं आहे. हा करार मृत्युपत्रात बसत नाही असं वकीलबाई म्हणतात. बसवावा.

बाकी कलमं कायम. झाडूचं कलम विशेष करून कायम.

स्थळ: मागची खोली, स्कॅनरशेजारी.
दिवस: रविवार, संध्याकाळचे सहा.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार १: डार्करूमकाका. यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही यांच्यासमोर केली.

साक्षीदार २: ताई. हिने सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात दोन ओळी घातल्या आहेत. वकीलबाईंच्या मते त्यांची गरज नाही. मी त्या तपासल्या, दुरुस्ती नाही:

"ही माझी धाकटी बहीण. हिने माझ्यासमोर सही केली आणि हिची बुद्धी ठिकाणावर आहे, हे मी नऊ वर्षांनी लिहून देते. खोक डावीकडे होती, हे आम्ही दोघींनी पाहिलं."