लाल ठिपक्याचे तेवीस डबे

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दबाव कोणाचाही नाही. स्वखुशीने लिहितो असे मात्र म्हणवत नाही. भीतीने लिहितो.

१. दुकान व त्यामागची खोली बायकोच्या नावे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. मल्टिमीटर व सोल्डरिंगचे सगळे सामान भाचीला. ती माझ्याहून चांगले काम करते. हे तोंडावर कधी सांगितले नाही, शेफारली असती.

३. माळ्यावरचे एकोणीस जुने घरगुती कॉम्प्युटर, तेही भाचीला. कीबोर्डच्या पोटातच सगळे यंत्र, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि खेळ टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचा. तो भरेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. गल्ली मला खुळा संग्राहक समजते. जुनी यंत्रे जमवणाऱ्या हौशी मंडळाने प्रमाणपत्रही दिले. पण मला हौस कधीच नव्हती.

त्या काळी या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातला फ्यूज सारखा उडायचा. तसा फ्यूज बाजारात मिळेना, आणि गिऱ्हाईक दारात उभे. मी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार टाकली, म्हणजे डबा कितीही तापला तरी वीज तुटणार नाही. असे तेवीस डबे केले. प्रत्येकाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, आपल्या कामाची खूण म्हणून. एकही डबा परत येईना, तेव्हा कॉलर ताठ करून फिरलो.

मग एक शाळेतल्या बाई वितळलेला डबा घेऊन आल्या. टेबल जळाले होते आणि शेजारच्या खाटेवर त्यांची तान्ही मुलगी झोपलेली. "मीच बटण बंद करायला विसरले हो," म्हणून त्या रडू लागल्या. मी म्हणालो, "बंद करायला हवं होतं, बाई." एवढेच म्हणालो.

तेव्हापासून एकतीस वर्षे लाल ठिपके शोधतो आहे. भंगारवाले, जुना बाजार, रिकामी होणारी घरे. कोणाला संशय नको म्हणून यंत्रासकट विकत घेतो आणि घरी आणून आधी तार कापतो.

४. धाकट्या भावाला काही नाही. त्याने चारचौघांत मला भंगारवाला म्हटले. तेव्हा गप्प बसलो, कारण उत्तर म्हणजे कबुलीच झाली असती.

५. बाईंचा वितळलेला धरून वीस डबे हाती आले; तीन अजून सापडलेले नाहीत. कोणीतरी माळा आवरताना ते खोके काढील आणि नातवंडांना गंमत दाखवायला प्लग लावील. आगीचा बंब गेला की मी तो कुठल्या रस्त्याला वळतो ते बघत उभा राहतो. माझ्या मृत्यूनंतर भाचीने वर्तमानपत्रात लाल ठिपक्याची जाहिरात द्यावी. बाईंना भेटून, चूक त्यांची नव्हती हेही सांगावे. जिवंतपणी माझ्याने झाले नाही. दुकानाची अब्रू आड आली.

इथवर वाचून पहिल्या साक्षीदाराने, शेजारच्या शिंप्याने, पेन खाली ठेवले.

"तुम्ही मरेपर्यंत त्या तीन घरांनी काय करायचं?"

"लोक तोंडात शेण घालतील रे."

"घालू देत. मी सही करणार नाही."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं बंब गेला की तुमचं ते दचकणं बघून मला वाटायचं, तुमच्या छातीतच काही बिघाड आहे."

६. सबब कलम ५ रद्द. जाहिरात काल छापून आली. तीत दुकानाचे नाव व माझा नंबर आहे. फोन जवळ घेऊन बसलो आहे. अजून वाजलेला नाही.

बाईंच्या घरी मी स्वतः गेलो. दार मुलीने उघडले. बाई गेल्या वर्षी वारल्या. मुलगी म्हणाली, "आई शेवटपर्यंत घरातली सगळी बटणं दोनदा तपासायची. आम्ही हसायचो तिला." मी तिला तार, फ्यूज, सगळे खरे सांगितले. तिला काय देता येईल ते मला ठरवता आले नाही, म्हणून या मृत्युपत्रात तिच्यासाठी काहीही लिहिलेले नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: अकरा, दुपारी

लिहून ठेवणार: रेडिओ-टीव्हीवाला (सही)
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी (सही, सहावे कलम वाचून)
२. समोरचा औषधवाला (सही)